हक्कांची तालीम

१२ ऑक्टोबर

निवृत्त झाल्यापासून दैनंदिनी लिहायचं म्हणत होतो, आज सुरुवात केली. उद्या कुणी माझ्या नाट्यकार्यावर लिहायला बसलं तर त्याची अडचण व्हायला नको. हे बायकोला सांगितलं तेव्हा ती शिवणयंत्रावर वाकलेली होती. मान वर न करता म्हणाली, "अडचण कसली? एका पानात आटपेल."

असो. बातमी मोठी आहे. बालकल्याण समितीच्या अध्यक्षीणबाई आज स्वतः घरी आल्या होत्या. पुढच्या महिन्यात बालहक्क मेळावा आहे. मोठं सभागृह, मोठे पाहुणे, वर्तमानपत्रवाले. त्यात मुलांचं नाटक हवं आहे. "विषय मुलांचे हक्क. तुमच्याशिवाय कोण करणार?" असं म्हणाल्या. आधी दोघांना विचारून झालं होतं हेही बोलण्याच्या ओघात निघालं, पण ते मी मनावर घेतलं नाही. जन्मभर शाळेत चित्रकला शिकवली, दर वर्षी स्नेहसंमेलनात नाटक बसवलं, आणि पदरात काय पडलं तर उत्तेजनार्थ बक्षिसं. उत्तेजनार्थ म्हणजे पाठीवर थाप मारून दार दाखवणं. या वेळी मात्र मी हात मारणार आहे.

१४ ऑक्टोबर

धाकटी बहीण बिट्टीला सोडून गेली. बहीण नर्स आहे. वरच्या जागेसाठी तिला दोन महिने दुसऱ्या गावी प्रशिक्षणाला जायचं आहे, आणि मेहुण्यांची नोकरी जहाजावर, ते घरी येतात तेच पाहुण्यासारखे. तेव्हा तोपर्यंत पोर आमच्याकडे.

बिट्टी नऊ वर्षांची आहे. काडीसारखी मुलगी, डोळे मात्र टपोरे. आल्यापासून एका जागी बसून सगळं घर न्याहाळत होती.

"दादा, तिच्याकडे जरा लक्ष ठेव हं," बहीण निघताना म्हणाली. "ती स्वतःहून काही मागत नाही. बोलली नाही म्हणजे तिला काही नको असं नसतं."

"अगं, तू मला सांगतेस? मुलांच्या मनातलं मला नुसत्या चेहऱ्यावरून कळतं."

बहिणीने वहिनीकडे पाहिलं. वहिनीने, म्हणजे आमच्या हिने, दोऱ्याचं टोक दाताने तोडलं.

१५ ऑक्टोबर

बिट्टीची नजर विलक्षण आहे. सकाळी म्हणाली, "मामा, काल तुमचा चष्मा रेडिओच्या डाव्या बाजूला होता. आज उजव्या बाजूला आहे." मी तासभर चष्माच शोधत होतो, त्यामुळे माहिती उपयोगी पडली. पण माझ्यातल्या दिग्दर्शकाने दुसरंच काही टिपलं. ही मुलगी न हलता बसू शकते. नऊ वर्षांचं मूल अर्धा तास न हलता बसलेलं मी माझ्या उभ्या नोकरीत पाहिलं नाही.

आणि नाटक सुचलं!

१७ ऑक्टोबर

नाटकाचा आराखडा तयार. पाच मुलं, पाच हक्क. शिक्षणाचा हक्क, खेळाचा हक्क, विश्रांतीचा हक्क, आरोग्याचा हक्क आणि पाचवा, सगळ्यांत महत्त्वाचा, आपलं म्हणणं ऐकून घेतलं जाण्याचा हक्क. हा पाचवा हक्क नाटकभर मागे एका उंच खोक्यावर पुतळा होऊन उभा असेल. उजवा हात ओठांवर, डावा कानामागे. शेवटी मी विंगेतून हलकेच "मोकळे!" म्हणायचं, की पुतळा जिवंत होतो, दोन्ही हात खाली घेतो आणि नाटकातलं शेवटचं वाक्य बोलतो: "आता तरी आमचं ऐकाल का?" पडदा.

लिहिताना माझ्याच अंगावर काटा आला. पुतळा अर्थातच बिट्टी.

आमच्या हिला वाचून दाखवलं. म्हणाली, "म्हणजे जिचं ऐकायचं, तिलाच सगळ्यांत कमी बोलायचं?"

मी म्हटलं, "तेच तर नाट्य आहे." तिला नाटकातलं फारसं कळत नाही, पण पोशाख छान शिवते.

२० ऑक्टोबर

तालमी सुरू. समितीने वाचनालयाच्या वरचा हॉल दिला आहे. हॉल चांगला आहे, फक्त स्वच्छतागृह खाली मागच्या अंगणात, आणि त्याची किल्ली पहारेकऱ्याकडे. पहारेकरी कुठे असतो ते पहारेकऱ्यालाच ठाऊक.

मुलं म्हणजे नुसता गोंधळ. खेळाचा हक्क करणाऱ्या मुलाचं नाव मी भोपू ठेवलं आहे, कारण त्याला हळू बोलता येतच नाही. विश्रांतीचा हक्क एक दात पडलेली चिमुरडी करते, ती सतत उड्या मारत असते. एकाला वाक्य सांगावं तर दुसरा खिडकीत. शेवटी मी माझं जुनं शस्त्र बाहेर काढलं. शाळेत ते कधी वाया गेलं नाही. नियम सोपा: मी "पुतळा!" म्हणालो की जो जिथे असेल तिथे गोठायचं. मी "मोकळे!" म्हणेपर्यंत पापणी सोडून काहीही हलता कामा नये. मोकळे म्हणायचा अधिकार फक्त माझा. हलला त्याच्यासाठी सगळ्यांनी पहिल्यापासून.

दहा मिनिटांत हॉल शांत. सुई पडली असती तर ऐकू आली असती. मुलांना खेळ वाटतो आणि आपलं काम होतं. छडी नाही, ओरडणं नाही. मुलांचे हक्क सांभाळून शिस्त कशी लावावी यावर मी खरं तर एखादं व्याख्यान द्यायला हवं.

२३ ऑक्टोबर

आज एक व्यवस्था करावी लागली. तालीम रंगात आली की कुणीतरी करंगळी वर करतं. एक गेला की सगळ्यांना लागते, हे कुठल्याही शिक्षकाला विचारा. मग खाली जा, पहारेकरी शोधा, किल्ली आणा, भोपू वाटेत हरवतो, तो मिळेपर्यंत दातपडकी पळते. म्हणून ठरवलं, जायचं ते तालमीआधी आणि तालीम संपल्यावर. पाण्याच्या बाटल्याही बंद, कारण त्या ऐन वाक्याला घरंगळत येतात.

मी मात्र दोनदा खाली जाऊन आलो. रक्तदाबाची नवी गोळी सुरू झाल्यापासून मला धीर धरवत नाही. डॉक्टरांनी सांगितलंच आहे, या गोळीने लघवी जास्त होते, दाबून धरू नका, या वयात ते बरं नाही. मी खाली गेलो तेवढा वेळ मुलांना पुतळा करून ठेवलं होतं. परत आलो तर बिट्टी जशीच्या तशी! बाकीचे डुगडुगत होते.

२६ ऑक्टोबर

दातपडकीच्या आईने मुलीला नाटकातून काढून घेतलं. हॉलच्या दारात उभी राहून म्हणाली, "दोन दिवस पोरगी अंथरूण ओलं करतेय. आधी कधी करत नव्हती. मला नको तुमचे हक्क." काही पालकांचं मन कोतं असतं. मुलांनी पुढे यावं असं त्यांना वाटतच नाही. विश्रांतीचा हक्क आता रद्द केला. चार हक्क पुरेत.

२९ ऑक्टोबर

हिने आज जेवताना विषय काढला. "बिट्टी घरात पाऊल टाकल्या टाकल्या बाथरूमकडे पळते. दप्तरसुद्धा काढत नाही. आणि सकाळपासून घोटभर पाणी पीत नाही ती."

"एकाग्रता," मी म्हटलं. "नटाचं शरीर असंच असतं. भूमिकेत शिरलं की तहानभूक हरपते."

"तहान हरपत नाही, ती मारतेय. मी तिला विचारलं. म्हणाली, प्यायलं की लागते."

"मग बरोबरच आहे की. विचार करून वागते पोरगी."

हिने माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं ताटात काहीतरी पडलं आहे. म्हणाली, "अहो, तासातासाने तिला सोडत जा. ऐकताय ना?"

मी हो म्हटलं. पण तासाने सोडायचं तर तालीम तुटते. प्रवेशाची लय एकदा गेली की गेली. मधला मार्ग काढू.

२ नोव्हेंबर

मधला मार्ग सुचला नाही, पण आज अध्यक्षीणबाई तालीम पाहायला येऊन गेल्या. सोबत समितीच्या दोन बायका आणि फोटोवाला. त्या आत शिरल्या तेव्हा नेमकी मुलं पुतळा होती. मी मुद्दामच मोकळे म्हटलं नाही, म्हटलं पाहू दे.

बाई हरखल्या. मुलांच्या समोर जाऊन वाकून गोड आवाजात विचारलं, "काय मग बाळांनो, इथे मजा येते ना? काही त्रास नाही ना?"

कुणी हलेना की बोलेना. भोपूसुद्धा गप्प! बिट्टीच्या डोळ्यांत पाणी होतं, बहुधा फोटोच्या दिव्यामुळे.

बाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "एका मुलाची म्हणून तक्रार नाही! असं वातावरण हवं सगळीकडे." त्यांनी ते वहीत टिपूनही घेतलं. मला वाटलं, पहिलं बक्षीस असतं तर ते आत्ताच खिशात होतं.

४ नोव्हेंबर

बहिणीचा फोन आला. बिट्टीला बोलावलं. मी शेजारीच पोशाखाच्या टोप्या रंगवत बसलो होतो.

"हो आई. बरी आहे... हो, जेवते... नाटक ना? छान आहे... हो, मामा आहेत इथेच."

बराच वेळ ती नुसती कानाला फोन लावून उभी होती. मग माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "आई, तू कधी येणार?" पलीकडून काय उत्तर आलं कोण जाणे. "बरं," म्हणाली आणि फोन ठेवला.

लहान मुलांना फोनवर बोलायचं सुचत नाही. मी तिला सांगितलं, "अगं, खोक्यावर किती छान उभी राहतेस ते सांगायचं ना!"

"मामा," ती म्हणाली, "खोक्यावरून मध्ये एकदा खाली उतरलं तर चालेल का? एकदाच?"

"वेडी का काय? पुतळा कधी खाली उतरतो का?"

तिने मान डोलावली. पटलं असावं. समजूतदार आहे.

८ नोव्हेंबर

आज तालमीत बिट्टीने चूक केली, पहिल्यांदाच. डावा हात ओठांवर आणि उजवा कानामागे. सगळं दृश्यच उलटं! प्रेक्षकांना कळणार नाही असं कुणी म्हणेल, पण कला म्हणजे बारकावे. मी थांबवलं आणि सगळ्यांना पहिल्यापासून करायला लावलं. भोपू भडकला. "तिला बरं नाहीये सर, ती पोट दाबून धरतेय." मी म्हटलं, बोलणाऱ्यासाठी आणखी एकदा पहिल्यापासून. पुढे कुणी बोललं नाही.

१० नोव्हेंबर

बिट्टीला जरा कणकण आहे. हिने कपाळावर हात ठेवून मला बोलावलं. मी म्हटलं, रंगमंचाची भीती. मोठमोठ्या नटांनाही प्रयोगाच्या आधी ताप येतो. हिला ते पटेना. "तिला जळजळ होते म्हणतेय. डॉक्टरकडे नेते."

"अगं, प्रयोग परवावर आला. डॉक्टर म्हणणार झोपवून ठेवा. मग पाचवा हक्क कोण करणार, तू?"

"तिचा जो काही हक्क आहे तो घेऊन मी डॉक्टरकडेच चालले आहे," असं म्हणून ही उठली. पण बिट्टीनेच पदर धरला. "नको मामी. दोनच दिवस आहेत. मामांचं नाटक आहे."

पाहा, मुलांना कळतं. ताप उतरायची गोळी दिली आणि संध्याकाळी उतरलाही. हिने रात्री माझ्याशी बोलणं टाकलं, पोशाखाची उरलेली बटणं मात्र लावली.

१२ नोव्हेंबर

आजचा दिवस सोन्याचा! काय काय लिहू?

सभागृह खचाखच भरलं होतं. अध्यक्षीणबाईंनी पडद्याआधी मला पाहुण्यांच्या शेजारी बसवून चहा पाजला, मग पाहुण्यांनी आग्रह केला म्हणून आणखी एक. माझी गोळी घेतलेली होती हे त्या गडबडीत विसरलो.

नाटक उत्तम गेलं. भोपूला टाळ्या, बाकीच्यांना टाळ्या. बिट्टी मागे खोक्यावर, दिव्यात न्हाऊन निघालेली. उजवा हात ओठांवर, डावा कानामागे, एकही चूक नाही. मी विंगेत उभा होतो. शेवटचा प्रवेश सुरू झाला आणि चहाने मला गाठलं. मी पायांची अढी घातली, दिवेवाल्याशी बोलून पाहिलं, छताकडे पाहिलं, काही उपयोग नाही. शेवटी म्हटलं, भोपूचं भाषण लांबलचक आहे, तेवढ्यात जाऊन येऊ. स्वच्छतागृह मागच्या जिन्याखालीच होतं.

मी तिथे असतानाच वरून टाळ्यांचा कडकडाट ऐकू आला. मोकळे कोण म्हणालं? कुणीच नाही! धावत वर आलो तर पडदा पडलेला, प्रेक्षक उभे राहून टाळ्या वाजवत होते, आणि अध्यक्षीणबाई डोळे पुसत माझ्याकडे येत होत्या. "ती बोललीच नाही! शेवटपर्यंत तिला कुणी बोलूच दिलं नाही! केवढा विदारक शेवट! कसं सुचलं हो तुम्हाला?"

माझ्या लक्षात आलं, देवानेच हात दिला आहे. मी म्हटलं, "अगदी शेवटच्या क्षणी सुचलं." यात खोटं काही नाही.

मग गुच्छ, फोटो, वर्तमानपत्रवाले. त्यांनी संदेश विचारला. मी म्हणालो, "मुलं आपल्याला सतत सांगत असतात. बोलून नाही, गप्प राहून सांगतात. आपल्यालाच कान नसतात." हे वाक्य आयत्या वेळी सुचलं आणि त्यांनी ते दोनदा म्हणवून घेतलं. मध्ये हिने येऊन माझी बाही ओढली. "अहो." मी हाताने थांब म्हटलं. पुन्हा आली. "अहो, आधी आत चला." मी म्हटलं, दोन मिनिटं. तिसऱ्यांदा तिने मला चारचौघांत दंडाला धरून ओढत नेलं. पाहुणे काय म्हणाले असतील?

पडद्यामागे सगळे दिवे मालवलेले होते. बाकीची मुलं खाऊ घ्यायला गेली होती. बिट्टी खोक्यावरच उभी होती. तशीच, हात तसेच. ही म्हणाली, "मी कधीची सांगतेय तिला, उतर बाळा, संपलं. उतरत नाही. तुमच्या शब्दाशिवाय हलत नाही ती. म्हणा तो तुमचा शब्द."

खोक्यावर आणि खोक्याखाली ओलं होतं. तिचे मोजे आणि नवा पोशाख सगळा भिजलेला होता.

मी म्हटलं, "मोकळे."

बिट्टीने दोन्ही हात खाली घेतले, जसं शिकवलं होतं अगदी तसे, आणि रिकाम्या रंगमंचावर माझ्याकडे पाहून म्हणाली, "आता तरी आमचं ऐकाल का?"

उच्चार स्वच्छ होते. आवाज फक्त थोडा कमी पडला. मग तिचे गुडघे दुमडले आणि हिने तिला वरच्या वर झेललं. अंग तव्यासारखं तापलेलं होतं.

आता ही तिला घेऊन रुग्णालयात आहे. मला सोबत येऊ दिलं नाही. "तुमचे पाहुणे खोळंबलेत," म्हणाली. घर फार मोठं वाटतंय. गुच्छ पाण्यात ठेवला.

१३ नोव्हेंबर

वर्तमानपत्रात पहिल्या पानावर फोटो. मथळा: "गप्प राहून बोललेला हक्क." माझं वाक्य चौकटीत.

रुग्णालयात गेलो. बिट्टीला सलाईन लावलं आहे. मुलांच्या डॉक्टर तरुण आहेत आणि जरा फटकळ वाटल्या. लघवी दाबून ठेवल्याने आणि पाणी न प्यायल्याने जंतुसंसर्ग झाला आणि तो वर मूत्रपिंडापर्यंत गेला असं त्यांचं म्हणणं. वेळेवर आणली म्हणून निभावलं, पुढे त्रास राहतो का ते तपासण्यांवरून कळेल. मला विचारलं, "मुलगी दिवसभर पाणी का पीत नव्हती?"

मी म्हटलं, "तिला पाण्याची फारशी आवड नाही."

ही शेजारीच उभी होती. काही बोलली नाही. एरवी ती काहीतरी बोलतेच, म्हणून मी वाट पाहिली, पण नाही बोलली.

१४ नोव्हेंबर

बहीण प्रशिक्षण अर्धवट टाकून आली. वरची जागा आता जाईल बहुतेक. तिने आणि हिने बाकावर बसून बराच वेळ बोलून घेतलं. मी जवळ गेलो तशा दोघी गप्प झाल्या. बहीण लहानपणापासून मला दादा म्हटल्याशिवाय एक वाक्य बोललेली नाही. आज तिने मला कशानेच हाक मारली नाही. "तिची औषधाची वेळ झाली, बाजूला व्हा," इतकंच म्हणाली. व्हा! मी तिच्या जन्मापासून अरे-तुरेतला माणूस. प्रवासाने दमली असावी.

मला झोप लागली नाही. चहा जास्त झाला.

१५ नोव्हेंबर

अध्यक्षीणबाईंचा फोन आला. नाटक आणखी चार गावांत हवं आहे, तोच शेवट ठेवून. "ती मुलगी मात्र तीच हवी," म्हणाल्या. मी सांगितलं की तिला जरा बरं नाही. "अरेरे," म्हणाल्या, "मग दुसरी एखादी शांत मुलगी पाहा ना." मी पाहतो म्हटलं. फोन ठेवला आणि खुर्चीत बसून राहिलो. शांत मुली पुष्कळ असतात. पण नुसती मान डोलावणारी बिट्टी डोळ्यांपुढून जाईना आणि कुणाला विचारावं ते सुचेना.

१७ नोव्हेंबर

बिट्टीचा ताप उतरला. दुपारी भेटायला गेलो, वर्तमानपत्राचं कात्रण घेऊन. बहीण खिडकीपाशी कपड्यांच्या घड्या घालत होती. ही घरी गेली होती. मला पाहून बहिणीने घड्या थांबवल्या नाहीत.

बिट्टीला कात्रण दाखवलं. तिने बराच वेळ फोटो पाहिला, स्वतःचा नाही, माझा. मग मी तिला हसवायला म्हटलं, "बोल, काय खेळायचं? आज तू म्हणशील ते."

ती म्हणाली, "पुतळा."

"आता तू पुतळा व्हायचं नाही बरं का!"

"मी नाही. तुम्ही, मामा."

मला हसू आलं. म्हटलं, पोरीचा रुसवा तरी निघेल. खाटेच्या पायथ्याशी उभा राहिलो. उजवा हात ओठांवर, डावा कानामागे. "पुतळा!" ती म्हणाली.

मग तिने उशाशी ठेवलेला पाण्याचा पेला उचलला. दोन्ही हातांत धरून सावकाश प्यायली. माझ्याकडे बघत बघत, शेवटच्या थेंबापर्यंत. आईला म्हणाली, "आणखी." बहिणीने ओतून दिलं. तेही प्यायली. त्या पाण्याच्या आवाजाने मला आठवण झाली की मी गोळी घेऊन निघालो आहे आणि वाटेत चहाही झाला आहे.

माझी पाठ भरून आली. कानामागचा हात बधिर झाला. म्हटलं, आता म्हणेल, मग म्हणेल. ती म्हणेना. ती उलट आईला म्हणाली, "मला जायचंय." बहिणीने तिला उतरवलं, सलाईनची पिशवी हातात घेतली, आणि दोघी माझ्या अंगावरून खोलीतल्या स्वच्छतागृहात गेल्या. दार लागलं. आत तिला घाई नव्हती. बहीण म्हणताना ऐकू आली, "सावकाश हो बाळा, कुणी बोलवत नाहीये."

मी उभा होतो. साठी उलटलेला माणूस, बंद दाराकडे बघत, ओठांवर हात ठेवून. डोळ्यांत पाणी आलं ते नुसतं कळ सोसल्यामुळे. एक नर्स दारातून डोकावली आणि "आजोबा, काही हवंय का?" म्हणाली. मला बोलता येईना, म्हणजे नियमाने. ती निघून गेली.

मग मला राहवेना. मी हललो. धावत बाहेर गेलो, पलीकडे पुरुषांचं होतं तिथे जाऊन आलो, आणि दार उघडायच्या आत पुन्हा येऊन होतो तिथे उभा राहिलो. मला कुणी मोकळे म्हटलं नव्हतं. तरी मी गेलो. मुलं का गेली नसतील? दार तर हॉललाही होतं.

बिट्टी बाहेर आली. आईचा हात धरून माझ्यासमोर थांबली. मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, चष्मा पाहते तसं.

"मामा," ती म्हणाली, "मघाशी ओठांवर उजवा हात होता."

मी पाहिलं. ओठांवर डावा हात होता.

नियम मीच केलेला आहे. हलला त्याने पहिल्यापासून. मी हात बदलून पुन्हा उभा राहिलो आणि वाट पाहू लागलो. बहिणीने पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं.

बिट्टी खाटेवर चढली, पांघरूण ओढून घेतलं आणि लगेच म्हणाली, "मोकळे."

इतक्या लवकर! असं केलं तर शिस्त राहणारच नाही. या मुलीला दिग्दर्शन कधी जमायचं नाही.

पण खरं लिहायचं तर फार बरं वाटलं.